पावसाळ्याआधी करून ठेवा: गोव्यातल्या घरासाठी घरगुती सफाईचं सामान

गोव्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात चार गोष्टींशी गाठ पडते. कपाटातल्या कपड्यांवर बुरशी, बेसिनवर लालसर ओघळ, सिंकपाशी मासळीचा वास आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तांबडी माती. मग बाजारातून कडक वासाच्या बाटल्या येतात, बाथरूम धुताना डोळे चुरचुरतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘घरीच काहीतरी नैसर्गिक करूया.’

करता येतं, आणि चांगलं होतं. माझं सासर फोंडा तालुक्यातलं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचं जुनं घर. तिथे गेली कित्येक वर्षं फरशीपासून भांड्यांपर्यंत बरंचसं काम घरच्या सामानावर चालतं. पण मोबाईलवर फिरणाऱ्या कृतींपैकी निम्म्या नुसत्याच फसफसतात, स्वच्छ काही करत नाहीत. उरलेल्यांतल्या काही तर ओट्याची वाट लावतात. म्हणून इथे काय चालतं, काय चालत नाही आणि का, हे क्रमाने सांगते.

१. सामान आणण्याआधी घराकडे बघा

तीन गोष्टी तपासा: दगड, पाणी आणि सांडपाणी.

दगड सगळ्यात महत्त्वाचा. स्वयंपाकाचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे का ग्रॅनाइटचा, हे आधी नक्की करा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादीही तसाच. लिंबू किंवा व्हिनेगर त्यावर राहिलं की पांढरट डाग पडतो. तो मळ नसतो, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे कितीही घासा, जात नाही. संगमरवर, जुन्या घरांतल्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स आणि लाल सिमेंटचा कोबा यांचंही तेच. ग्रॅनाइट आणि चकचकीत सिरॅमिक टाइल्स यांना आंबटाची फारशी भीती नाही. शंका असेल तर सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. चमक गेली तर त्या घरात फरशीसाठी आंबट काही वापरायचं नाही.

पाणी नळाचं असेल तर प्रश्न नाही. विहिरीचं असेल तर पांढऱ्या बादलीत रात्रभर भरून ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर पाण्यात लोह आहे. डिचोली, सांगे भागात आणि एकूणच चिऱ्याच्या जमिनीत हे नवीन नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. अशा पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही. त्यावरचा इलाज आठव्या पायरीत आहे.

तिसरं, मोरीचं पाणी जातं कुठे? पणजी, मडगाव, वास्को यांचे काही भाग सोडले तर बहुतेक घरांना सेप्टिक टाकी आणि शोषखड्डाच असतो. टाकीतली घाण कुजवण्याचं काम जिवाणू करतात. दर आठवड्याला ॲसिड आणि ब्लीच ओतत राहिलात तर ते मरतात, टाकी लवकर भरते आणि वास मारू लागते. घरगुती सामान वापरायला माझ्या मते हे सर्वांत व्यवहारी कारण आहे.

२. एकच नियम: आंबट वेगळं, खार वेगळा

सफाईच्या सगळ्या घरगुती वस्तू दोन गटांत बसतात. लिंबू, चिंच, बिमली (परसातल्या झाडाचं हिरवं आंबट फळ), कोकम, व्हिनेगर, लिंबूसत्व आणि सालींचं एन्झाइम (गुळाच्या पाण्यात फळांच्या साली आंबवून केलेलं पाणी) हे आंबट. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, राख, चुना आणि साबण हे खार, म्हणजे अल्कली.

आंबट कशावर चालतं? गंज, पाण्याचे पांढरे थर, पितळेचा काळेपणा आणि मासळीचा वास यांवर. खार कशावर चालतो? तेल, तूप, मेणचटपणा आणि घाम यांवर. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना मारतात. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकल्यावर जो जोरदार फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर उरतं ते जवळपास खारट पाणी. व्हिडिओ छान दिसतो, मोरी तशीच राहते. सालींच्या एन्झाइममध्ये साबण मिसळून ‘दोन्हींचा फायदा’ घेऊ पाहणाऱ्यांचंही असंच होतं: साबण फाटतो आणि वर चिकट साय तरंगते. (रिठा याला अपवाद, तो आंबटात टिकतो.)

३. काय काय लागेल

सामान:
– रिठे, पाव किलो. किराण्यात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. काळपट-तपकिरी, किंचित चिकट घ्या. भुगा झालेले नकोत.
– व्हिनेगर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं. ते स्वयंपाकालाच ठेवा. त्याला रंग असतो आणि ते महाग पडतं. सफाईला साधं पांढरं पुरे.
– लिंबूसत्व, म्हणजे किराण्यातलं लिंबूफूल.
– धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा. दोन्ही पांढरे, म्हणून डबे वेगळे आणि नाव लिहिलेले.
– गूळ. काळा, स्वस्त, नैवेद्याला न चालणारा.
– नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं), राख, चुना.

साधनं: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, रबरी हातमोजे, साधा चष्मा, जुनं स्टीलचं पातेलं, लाकडी डाव, गाळायला मलमलचं फडकं, फवारणीच्या दोन बाटल्या आणि कायमच्या शाईचं पेन. ॲल्युमिनियमची भांडी या कामात आणू नका. आंबट आणि खार दोन्ही त्यांना खातात.

सोड्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटल्यांत तयार द्रावण भरायचं असेल तर आधी मूळ लेबल पूर्ण काढा, नवं नाव आणि तारीख लिहा आणि मगच भरा. एन्झाइम दिसायला थेट कोकम सरबतासारखं असतं, आणि घरात मुलं असतात.

४. रिठ्याचं पाणी

सुरुवात इथून करा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या आणि समोरून हलू नका. फेस एकदम वर येतो आणि शेगडीवर सांडला की चिकटून बसतो. गार झाल्यावर हाताने कुस्करा, गाळा. चहाच्या रंगाचं, जरासं बुळबुळीत पाणी मिळतं. वास काहीसा आंबूस-फळकट. तो आवडत नसेल तर उकळतानाच गवती चहाची पाती घाला.

हे पाणी भांडी, रेशमी-लोकरी कपडे, सोन्याचे दागिने आणि फरशी या सगळ्याला चालतं. फेस बाजारच्या लिक्विडइतका येणार नाही. मेणचट कढईला थोडं गरम करूनच वापरा. त्यातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य तेल सोडवतं. फेसाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

दोन अडचणी. गोव्याच्या हवेत हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं; लिटरला एक चमचा लिंबूसत्व घातलं तर आणखी थोडं. (मग ते आंबट गटात गेलं, कडप्प्यावर नको.) जास्त केलंच तर बर्फाच्या साच्यात गोठवा. दुसरं, सॅपोनिन माशांना विषारी असतं, तेव्हा उरलेलं पाणी विहिरीच्या काठावर, ओहोळात किंवा शेततळ्यात ओतू नका. झाडाच्या आळ्यात जाऊ द्या. आणि डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं. भरपूर पाण्याने धुवा.

५. सालींचं एन्झाइम

प्रमाण सगळीकडे तेच सांगतात आणि ते बरोबर आहे: गूळ १, साली ३, पाणी १०, वजनाने. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. साली लिंबू, मोसंबी, संत्री यांच्या घ्या. चवथीला गणपतीवर फळं बांधतात त्या माटोळीचं तोरंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) उतरवल्यावर त्याची जाड साल आणि आतला पांढरा भाग वाया जातो. सालीचा हिरवा-पिवळा थर सोलून घातला तर वास छान येतो. रसवाल्याकडे मोसंबीच्या साली मागा, तो आनंदाने देतो. आंब्याच्या आणि केळीच्या साली घालू नका; चिकट होतं, चिलटं येतात.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको. सुरुवातीला वायू जोरात सुटतो आणि बंद काच फुटू शकते. बाटली पाऊण भागच भरा. पहिला महिना रोज एकदा झाकण किंचित सैल करून ‘फुस्स’ होऊ द्या आणि परत लावा. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, नंतर विसरलात तरी चालेल. तीन महिन्यांनी गाळा. घाई असेल तर चिमूटभर बेकरीचं यीस्ट घाला, महिना-सव्वा महिन्यात काम होतं.

आत काय चाललंय ते वासावरून कळतं. आधी गोड, मग दारूसारखा, शेवटी व्हिनेगरसारखा आंबट. वर पांढरी पातळ साय आली तर काळजी नाही, ढवळून टाका. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी, कुजका वास किंवा अळ्या दिसल्या तर सरळ कंपोस्टच्या खड्ड्यात ओता.

आता खरं सांगायचं तर या पाण्याबद्दल फार अतिशयोक्ती चालते. ते आजार बरे करत नाही, विहीर शुद्ध करत नाही. त्यात जे काम करतं ते मुख्यतः आम्ल आणि सालीचं थोडं तेल. म्हणून फरशी पुसायला अर्ध्या बादलीला पाव वाटी, सिंकला आणि बाथरूमच्या टाइल्सना एकास दहा पाणी, इतकंच. तेलकट जागी त्यात रिठ्याचं पाणी मिसळा. फरशी पुसल्यावर मुंग्यांची रांग लागली तर समजा, गूळ पुरता आंबलेला नाही. बाटली परत महिनाभर ठेवून द्या.

तीन महिने थांबायचं नसेल तर सालींवर पांढरं व्हिनेगर ओतून पंधरा दिवस ठेवा आणि गाळा. जवळपास तेच काम, कटकट कमी.

६. भांडी आणि मासळीचा वास

मासळीचा वास अमाइन नावाच्या द्रव्यांचा, आणि ती खार गटातली असतात. म्हणून नुसत्या साबणाने हात धुवून वास जात नाही, आंबट लावलं की जातो. मासळी चिरून झाली की आदोळी (विळी), फळी आणि सिंक आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी घातलंत तर रक्त आणि लगदा शिजून चिकटतो. मग लिंबाची पिळलेली फोड किंवा सोलकढी करून उरलेली कोकमं चोळा, दोन मिनिटं थांबा, धुवा. कोकमाचा रंग लागतो, तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकच्या फळीला लिंबूच. लोखंडी आदोळी लगेच कोरडी करून पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत गंज.

पितळेच्या समया, तांब्या-कळशी यांना बिमलीइतकं चांगलं काही नाही. परसात झाड असेल तर खाली पडलेल्या पिकल्या बिमल्याही चालतात. एक बिमली उभी चिरा, मिठात बुडवा आणि समईच्या नक्षीवरून फिरवा. काळपट भागातून पिवळा पट्टा उघडा पडत जातो आणि बिमलीचा गर हिरवट-काळा होतो. झालं की लगेच धुवून, फडक्याने कोरडं करून, राखेने हलकं घासून घ्या. राख शेवटी यासाठी, की राहिलेलं आंबट मारलं जातं; ते राहिलं तर समई दोन दिवसांत परत डागाळते. तांब्याला आणि कल्हईच्या भांड्यांना हात हलका ठेवा.

राख फक्त लाकडाची किंवा सोडणांची. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅश भरपूर असतं, त्यामुळे तेलकट भांड्यांना ती सरस. कचरा, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळलेली राख भांड्यांना लावायची नाही. चाळून घ्या, खडा राहिला तर स्टीलवर ओरखडे पडतात. नॉनस्टिकला राखही नको, सोडणही नको.

७. लाल ओघळ, कमोड, मोरी

लोहाच्या पाण्याचे डाग आणि ब्लीच यांचं वैर लक्षात ठेवा. ब्लीचने लोह आणखी गंजतं आणि डाग पक्का होतो. पांढरे कपडे ब्लीचमध्ये टाकून पिवळट करून घेणारे बरेच जण भेटतात, ते यामुळेच. इथे आंबट हवं. बेसिन आणि कमोडसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा, रात्री ओता, सकाळी ब्रशने घासा. हट्टी डागावर टिश्यू कागद भिजवून चिकटवून ठेवा म्हणजे द्रावण ओघळून जात नाही. बिमलीच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंजावर लिंबापेक्षा भारी पडतं. मात्र वापरल्यावर भरपूर पाण्याने धुवा. कपड्यावर गंजाचा डाग असेल तर मीठ-लिंबू लावून उन्हात ठेवा आणि मग धुवा, पण आधी शिवणीत रंग जातो का ते बघा.

तांबड्या मातीचा चिखल वेगळा. तो ओला असताना चोळायचाच नाही. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग साबण.

तुंबलेल्या मोरीत पाव वाटी धुण्याचा सोडा टाकून वर कढत पाणी ओता. पीव्हीसीचे पाईप असतील तर पाणी उकळतं नको, हात पोळेल इतकं पुरे. तुंबणं तेलाचं असेल तर मोकळी होते. केस किंवा करवंटीचे तुकडे अडकले असतील तर वायर घालण्याला पर्याय नाही.

८. खोबरेल तेलाचा साबण

इथे थांबून वाचा. या पायरीत कॉस्टिक सोडा आहे आणि त्याने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. ‘कॉस्टिकशिवाय साबण’ म्हणून जे विकतात त्यात कुणीतरी आधीच कॉस्टिक वापरलेला असतो. तेल आणि कॉस्टिक यांचा पूर्ण संयोग झाला की साबणात कॉस्टिक उरत नाही, म्हणूनच वजन अचूक हवं. वाटी-चमच्याने मोजणार असाल तर हे करू नका.

भांडी-कपड्यांच्या साबणासाठी खोबरेल तेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ८८ ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम.

मुलं आणि मांजर घराबाहेर. हातमोजे, चष्मा, लांब बाह्या. खिडकी उघडी. स्टीलच्या भांड्यात आधी पाणी घ्या आणि कॉस्टिक त्यात थोडा थोडा सोडा. उलट, म्हणजे कॉस्टिकवर पाणी, कधीच नाही. उसळून अंगावर येतं. ढवळताना तोंड बाजूला ठेवा, वाफ छातीला लागते. मिश्रण आपोआप कढत होतं. ते आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर हे कॉस्टिकचं पाणी तेलात ओता आणि ढवळत राहा. हाताने बराच वेळ लागतो, ब्लेंडरने काही मिनिटांत दाट होतं. डावातून पडलेली धार वरच्यावर रेघ काढून क्षणभर दिसत राहिली की साच्यात ओता. दुधाची रिकामी, आतून प्लास्टिक असलेली खोकी साचा म्हणून उत्तम. चांदीसारखा ॲल्युमिनियमचा थर असलेली नकोत.

खोबरेलाचा साबण झपाट्याने कडक होतो. दुसऱ्या दिवसाची वाट बघितलीत तर सुरी लावताच ढलपे उडतात. पाच-सहा तासांनी, अजून किंचित गरम असतानाच कापा, हातमोजे घालून. मग चार आठवडे हवेशीर जागी उभे रचून ठेवा.

हा साबण मचूळ पाण्यातही फेस देतो, म्हणून किनाऱ्यालगतच्या घरांना तो खास सोयीचा. अंगाला मात्र लावू नका, कातडी कोरडी पडते. कॉस्टिक अंगावर उडाला तर व्हिनेगर शोधत बसू नका. नळाखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेला तर धुता धुताच १०८ ला फोन करायला सांगा.

९. बुरशी

बुरशीला पुसण्याआधी ओल थांबवावी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं अधूनमधून उघडी टाका, ऊन पडलं की कपडे बाहेर. लाकूड, चामडं, प्लास्टिक यांवरची बुरशी कोरड्या फडक्याने घरात झटकू नका, ती हवेत पसरते. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने टिपा. नंतर लाकडाला पाणी न मिसळलेलं व्हिनेगर लावून तासाभराने पुसा. चामड्याला अर्धं पाणी मिसळून, आणि सावलीत वाळवा.

चुन्याच्या भिंतीला व्हिनेगर लावायचं नाही, चुना विरघळतो. तिथे काळे डाग ब्रशने घासून काढायचे आणि पाऊस संपून भिंत वाळली की नवा चुना. ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही, कारण तो कडक खार आहे. पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजून घरं रंगवत त्याचा हाही एक फायदा. प्लास्टिक पेंट लावून चिऱ्याची भिंत बंद केलीत तर ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

१०. जिथे घरगुती पुरत नाही

घरात जुलाब-उलट्यांचा आजार असेल तर संडास आणि नळाच्या मुठी निर्जंतुक करायला एन्झाइम किंवा लिंबू पुरेसं नाही. तिथे ब्लीच वापरा, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून. ब्लीचमध्ये दुसरं काहीही घालायचं नाही. व्हिनेगर, लिंबूसत्व, सालींचं पाणी किंवा संडासचं ॲसिड मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. अमोनियाबरोबरही विषारी वायू होतो. आदल्या रात्री कमोडमध्ये लिंबूसत्व ओतलं असेल तर आधी दोनदा फ्लश करा, मगच ब्लीच.

आणि फेणीने काच पुसण्याचा सल्ला कुणी दिला तर, मद्यार्क असल्यामुळे काच स्वच्छ होते हे खरं, पण खोलीला तीन दिवस फेणीचा वास राहतो. काचेला पाण्यात थोडं व्हिनेगर आणि जुना वर्तमानपत्राचा कागद बास.

११. कधी काय करायचं

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानाच्या यादीत हे सगळं घाला. संत्री स्वस्त असतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत एन्झाइम लावा, एप्रिल-मेमध्ये तयार होतं. साबण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. पावसात केलेला साबण वाळत नाही, त्याला घाम फुटतो. मे महिन्यात रिठे, सोडा आणि लिंबूसत्व कडक उन्हात तापवलेल्या कोरड्या डब्यांत भरा, झाकणाला मेणकागद लावा. राख चाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, पूर्ण विझली आहे याची खात्री करूनच. जूननंतर करायचं फक्त रिठ्याचं पाणी, आठवड्याला लागेल तेवढं. चवथीच्या समया बिमलीने, आणि चुना दिवाळीच्या आधी.